‘नंबर सांगा, आधार पाठवा’ म्हटलं की काय करायचं

दारव्हा तालुक्यातल्या एका गावात माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. मृग लागला की गर्दी वाढते. पीककर्जाचे कागद, शेतकरी ओळखपत्र, पोरांचे प्रवेश. मागच्या हंगामात एक काकाजी आले, पण त्यांना फॉर्म भरायचा नव्हता. म्हणाले, “पोरा, बियाण्याच्या मेळाव्यात वहीत नंबर लिहून देल्ला, अन् तवापासून दिवसभर फोनच येऊन राह्यले. कोणी कर्ज देतो म्हणते, कोणी बिनाबिलाचं बियाणं. याईले माहा नंबर भेटला कोठून?”

वहीत त्यांनी नंबर लिहिला होता. गाव, किती एकर, कपाशी किती, तूर किती, हेही लिहिलं होतं. वही समोर आली, सगळेच लिहीत होते, म्हणून त्यांनीही लिहिलं. कोणी जबरदस्ती केली नाही आणि कशासाठी पाहिजे हेही कोणी सांगितलं नाही.

ज्यांच्या हातात टच मोबाइल नवा आहे, जे पहिल्यांदा स्वतःचं ईमेल, स्वतःचं खातं उघडत आहेत, त्यांच्यासाठी हा लेख. माझं सांगणं एवढंच की माहिती कामापुरती द्यायची. कोणत्या कामाला किती लागते, हे माहीत नसल्यामुळे आपण सगळीच देऊन मोकळे होतो. म्हणून ते आधी समजून घेऊ.

ओसरी आणि माजघर

आपल्या जुन्या घरांत ओसरीवर कोणीही येऊन बसतो. पाणी पितो, पाऊसपाण्याचं बोलतो, जातो. माजघरात घरचा माणूसच जातो. माहितीचंही तसंच धरा. नाव, गाव, एखादा बाहेरच्या वापराचा ईमेल ही ओसरीवरची माहिती. आधार क्रमांक, पॅन, बँक खातं, पूर्ण जन्मतारीख, अंगठा आणि चेहरा या गोष्टी माजघरातल्या.

मोबाइल नंबरपाशी मात्र सगळे फसतात. तो ओसरीवरचा वाटतो, कारण तो आपण सोयऱ्याधायऱ्यांना, दूधवाल्याला, ट्रॅक्टरवाल्याला देतच असतो. पण ओटीपी, म्हणजे एकदाच वापरायचा गुप्त आकडा, त्याच नंबरवर येतो. बँक, आधार, गॅस, शेतकरी ओळखपत्र, सगळ्यांची कुलपं त्याच किल्लीनं उघडतात. म्हणून नंबर विचारून द्यायचा.

आणखी एक गोष्ट लोकांच्या ध्यानात येत नाही. तुमचा सातबारा महाभूलेख या सरकारी वेबसाइटवर कोणालाही पाहता येतो. त्यावर तुमचं नाव असतं, क्षेत्र असतं, कर्ज असेल तर इतर हक्कात बँकेचा बोजाही असतो. आता मेळाव्याच्या वहीतला नंबर त्याला जोडा. फोन करणारा तुम्हाला नावानं हाक मारतो, गट नंबर सांगतो, कोणत्या बँकेचं कर्ज आहे तेही सांगतो. आपल्याला वाटतं, एवढं माहीत आहे म्हणजे बँकेचाच माणूस असणार. एकेक तुकडा सुटा असताना काही बिघडत नाही. ते जोडले गेले की घात होतो. म्हणूनच अनोळखी जागी एक रकाना कमी भरला, तरी तेवढा बचाव झाला.

मागायचा हक्क कोणाला आहे

प्रत्येकाला नाही म्हणायचं असं माझं सांगणं नाही. काही ठिकाणी माहिती द्यावीच लागते, आणि तिथे उगाच अडून बसलं तर आपलंच काम अडतं.

रेशन दुकानात ई-पॉस मशीनवर अंगठा लागतो. अनुदानाच्या खतासाठी कृषी सेवा केंद्रात पॉस मशीनवर आधार लागतो. सरकारी योजनेचे पैसे खात्यात यायचे असतील तर आधार लागतो. ई-पीक पाहणीच्या ॲपला लोकेशन आणि कॅमेरा लागतो, कारण शेतात उभं राहूनच पिकाचा फोटो काढायचा असतो. २०२५-२६ च्या हंगामापासून सीसीआयला, म्हणजे केंद्राच्या कापूस महामंडळाला, हमीभावानं कापूस द्यायला ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी करावी लागते, तिथेही आधार आणि जमिनीचे कागद लागतात. या ठिकाणी मागणं आणि काम यांचा मेळ बसतो.

बँकेत खातं उघडायला ओळख लागते, पण ती आधारनंच पटवली पाहिजे असं नाही. मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, पासपोर्ट, एवढंच काय, रोजगार हमीचं जॉब कार्डसुद्धा रिझर्व्ह बँकेच्या नियमांत ओळखीचा अधिकृत कागद आहे. २६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं आधारच्या प्रकरणात निकाल दिला. बँक खातं आणि सिमकार्ड आधारला जोडण्याची सक्ती त्यात रद्द झाली. नुसत्या कराराच्या आधारावर खासगी कंपन्यांना आधारची पडताळणी वापरू देणारी तरतूदही गेली. त्याच्या वर्षभर आधी, २४ ऑगस्ट २०१७ ला, नऊ न्यायाधीशांच्या पीठानं खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमतानं सांगितलं होतं. हे निकाल शहरातल्या लोकांसाठी आहेत आणि आपल्यासाठी नाहीत, असं कुठेही लिहिलेलं नाही.

आता दुसरी बाजू. कपड्याचं दुकान, चपलांचं शोरूम, लकी ड्रॉचं कूपन, मोबाइलमधला गेम, फोटो सुंदर करणारं ॲप, ‘फक्त नोंदणी करा आणि बक्षीस मिळवा’ म्हणणारी लिंक. यांच्या कामाला तुमचं आधार लागत नाही. बहुतेक वेळा नंबरही लागत नाही. मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुकानदारांना कळवलं की, ग्राहकानं मोबाइल नंबर दिला नाही म्हणून त्याला माल किंवा सेवा नाकारू नका.

यवतमाळच्या मोठ्या दुकानात काउंटरवरची पोरगी नंबर विचारेल. तिच्यावर चिडू नका, तिला तसं सांगून ठेवलेलं असतं. शांतपणे म्हणा, “ताई, नंबर नाही द्यायचा. बिल तसंच करा.” ती म्हणेल, संगणक पुढे जात नाही. मग म्हणा, “मग दुकानाचा नंबर टाका.” माझ्या अनुभवात इथपर्यंत आलं की बिल निघतं. एक ध्यानात ठेवा. बिल करताना तुमच्या मोबाइलवर ओटीपी आला तर तो बिलाचा नसतो. तो दुकानाच्या सभासद योजनेत तुमचं नाव घालायचा असतो. तो सांगू नका, पैसे द्या, सामान घ्या.

पहिलं काम: दोन ईमेल

ॲपमध्ये खातं उघडण्याच्या आधी हे काम करून घ्या, अर्धा तास लागतो. एक ईमेल माजघरासाठी: बँक, आधार, सरकारी पोर्टल, पोरांच्या परीक्षा. दुसरा ओसरीसाठी: खरेदी, बातम्या, रेसिपी, गेम. माजघरातला ईमेल दुकानात कोणाला सांगायचा नाही. त्यात पूर्ण जन्मतारीख किंवा मोबाइल नंबरही घालू नका. मी रोज पाहतो, लोकांचे ईमेल म्हणजे नाव आणि पुढे जन्मसाल. म्हणजे पत्ता सांगितला की वय आपोआप सांगून झालं.

जीमेलमध्ये एक सोय आहे, ती फार कमी लोकांना माहीत आहे. तुमच्या ईमेलच्या नावानंतर, ॲटच्या खुणेच्या आधी, अधिकचं चिन्ह टाकून एखादा शब्द लिहिला तरी पत्र तुमच्याच खात्यात येतं. समजा चपलांच्या वेबसाइटवर खातं उघडलं, तर नावापुढे अधिकचं चिन्ह आणि ‘चप्पल’ असं इंग्रजी अक्षरांत लिहा. उद्या त्या ‘चप्पल’च्या पत्त्यावर कर्जाची जाहिरात आली तर माहिती कोणाकडून बाहेर गेली हे समजतं. काही वेबसाइटी हे चिन्ह घेत नाहीत, तिथे साधा ओसरीचा ईमेल द्या.

पासवर्ड दोन्हींचे वेगळे ठेवा. पोराचं नाव, गाडीचा नंबर, १२३४५ हे नको. घरातल्या चार असंबद्ध वस्तू घ्या आणि इंग्रजी अक्षरांत सलग लिहा, जसं विळा, पाटा, बंडी, खुराडा. मग मध्ये एखादा आकडा. ध्यानात राहतं आणि ओळखायला कठीण जातं. हे चार शब्द मात्र वापरू नका, ते आता छापून झाले. वहीत लिहून ठेवलं तर चालेल का, असं बाया मला नेहमी विचारतात. चालेल. वही पेटीत कुलपात राहू द्या. सगळीकडे एकच पासवर्ड ठेवण्यापेक्षा पेटीतली वही शंभरपट बरी. मोबाइलच्या मागच्या कव्हरमध्ये चिठ्ठी मात्र नको.

फॉर्म समोर आल्यावर

घाई करू नका. आधी फॉर्म वरून खालपर्यंत नुसता पाहून घ्या. ज्या रकान्यापुढे चांदणीसारखी खूण आहे तेवढाच भरणं सक्तीचं. बाकी रिकामे सोडा. शिक्षण, वार्षिक उत्पन्न, लग्न झालं का, घरात किती माणसं, हे सगळं जाहिरातीसाठी विचारतात. खोटं भरू नका, रिकामं सोडा. सरकारी कामात किंवा बँकेत खोटं लिहिलं तर पुढे आपणच अडकतो, आणि दुकानाच्या फॉर्ममध्ये खोटं लिहायची गरजच नसते.

मग खाली या. तिथे छोटे चौकोन असतात आणि कधीकधी त्यांत आधीच बरोबरची खूण केलेली असते. ‘आमच्या भागीदार कंपन्यांकडून माहिती मिळवण्यास संमती’ वगैरे. ती खूण काढा. ऑनलाइन खरेदीच्या २०२० च्या नियमांनुसार ग्राहकाची खरेदीची संमती अशी आधीच केलेल्या खुणेतून घेता येत नाही.

३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑनलाइन फसव्या रचनांबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात तेरा प्रकार दिले आहेत. एक प्रकार आहे सक्तीचा: खरेदीसाठी गरज नसताना आधार किंवा क्रेडिट कार्डाशी जोडलेली माहिती मागणं, किंवा सेवा देण्यासाठी तुमच्या ओळखीच्या लोकांचे नंबर मागणं. दुसरा आहे छळण्याचा: सुरक्षेच्या नावाखाली पुन्हा पुन्हा नंबर मागत राहणं, ॲप घ्या ॲप घ्या म्हणत राहणं. आपल्याला रोज जे होतं ते चुकीचं आहे हे सरकारनंही लिहून ठेवलंय. तक्रार करताना हे बोलून दाखवता येतं.

२०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा याच्याही पुढे जातो. तुमची संमती मोकळी, स्पष्ट आणि ठरलेल्या कामापुरती असली पाहिजे, असं तो म्हणतो. कायद्यातच एक उदाहरण आहे. एक बाई डॉक्टरांचा सल्ला देणारं ॲप घेते. ॲप तिच्याकडे तपासणीसाठी माहिती मागतं आणि मोबाइलमधली नंबरांची यादीही मागतं. ती दोन्हीला हो म्हणते. कायदा म्हणतो, तिची संमती तपासणीपुरतीच धरायची, कारण त्या कामाला नंबरांची यादी लागत नाही. शिवाय संमतीची सूचना मराठीत पाहण्याची सोय कंपनीनं दिली पाहिजे, कारण राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या प्रत्येक भाषेसाठी ती तरतूद आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतात. तोवर आपलं आपणच सांभाळायचं.

‘गूगलनं साइन इन करा’ असं बटण बऱ्याच ठिकाणी असतं. नवा पासवर्ड लागत नाही म्हणून सोपं पडतं. त्यातून समोरच्याला तुमचं नाव, ईमेल आणि फोटो जातो. वापरायचं असेल तर ओसरीच्या ईमेलनं वापरा. कुठेकुठे असं दार उघडलंय ते गूगल खात्याच्या सेटिंगमध्ये सुरक्षेच्या भागात दिसतं. सहा महिन्यांतून एकदा पाहा आणि नको ते काढा.

ॲप काय काय मागतं

ॲप प्ले स्टोअरवरूनच घ्या. व्हॉट्सॲपवर आलेली फाइल, जिच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ लिहिलेलं असतं, ती कधीही उघडू नका. गाडीचं चालान, किसान योजनेची यादी, लग्नाची पत्रिका अशा नावांनी या फाइली फिरतात. पाठवणारा आपला भाचा असला तरी उघडू नका, कारण त्याचा मोबाइल आधीच कोणीतरी ताब्यात घेतलेला असू शकतो. भाच्याला फोन लावून विचारा.

ॲप उघडलं की परवानग्या मागतं. इथे थांबून एकच प्रश्न विचारा: हे याच्या कामाचं आहे का? हवामानाच्या ॲपला तुम्ही कोणत्या भागात आहात एवढंच कळलं की पुरतं. नव्या फोनमध्ये ‘अंदाजे लोकेशन’ असा पर्याय असतो, तो द्या. टॉर्चच्या ॲपला कोणाचाच नंबर लागत नाही. भजनाच्या ॲपला कॅमेरा लागत नाही. जिथे द्यायचं तिथे ‘फक्त ॲप वापरताना’ हा पर्याय निवडा. आधी दिलेल्या परवानग्या सेटिंगमधल्या गोपनीयतेच्या भागात परवानगी व्यवस्थापकात सापडतात. आमच्याकडे मी लोकांसोबत बसून हे काम करतो आणि प्रत्येक वेळी एखादं ॲप असं निघतं की त्या माणसाला ते आपल्या मोबाइलात आहे हेच माहीत नसतं.

सगळ्यात जास्त जपायचं ते झटपट कर्जाच्या ॲपपासून. पेरणीच्या वेळी हातात पैसा नसतो, सावकाराकडे जायची लाज वाटते, आणि मोबाइल म्हणतो पाच मिनिटांत वीस हजार. ॲप नंबरांची यादी मागतं, फोटो मागतं, आपण हो हो करत जातो. हप्ता चुकला की त्या यादीतल्या प्रत्येकाला फोन जातो. सासऱ्याला, सरपंचाला, पोरीच्या होणाऱ्या सासरी. माणूस पैशानं नाही, अब्रूनं मोडतो. माझ्या दुकानात बसून रडलेला मोठा माणूस मी पाहिलाय, म्हणून हे इतक्या कळकळीनं लिहितोय. रिझर्व्ह बँकेनं २ सप्टेंबर २०२२ ला डिजिटल कर्जाबद्दल नियम काढले. कर्ज देणाऱ्या ॲपनं मोबाइलमधले फोटो, फाइली, नंबरांची यादी आणि कॉलची नोंद यांना हात लावायचा नाही. ओळख पटवण्यासाठी कॅमेरा, माइक किंवा लोकेशन एकदाच मागता येतं, तेही स्पष्ट संमतीनं. म्हणून हे सरळ माप लावा: कर्जाच्या ॲपनं नंबरांची यादी मागितली की ते ॲप तिथल्या तिथे काढून टाका. पुढचं वाचायचीही गरज नाही.

आधारचं काय

झेरॉक्स द्यावी लागली तर त्यावर आडवी रेघ मारून लिहा: कशासाठी, कोणाला, तारीख. आणि सही. मी माझ्या दुकानात आता पेनच पुढे करतो.

मोबाइलवर आधार पाठवायचं असेल तर आधीचे आठ आकडे झाकलेलं, फक्त शेवटचे चार दिसणारं आधार काढा. त्याला मास्क्ड आधार म्हणतात. ‘माय आधार’ पोर्टलवर डाउनलोड करताना तो पर्याय असतो. या फाइलचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल. तुमचं नाव आणि वय ज्याला माहीत आहे त्याला तो पासवर्ड माहीतच आहे. त्यामुळे फाइलला कुलूप आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

ऑनलाइन पडताळणीत आधार क्रमांकाऐवजी १६ आकड्यांचा आभासी क्रमांक देता येतो. आधारला जोडलेल्या मोबाइलवरून १९४७ ला, म्हणजे आधारच्याच हेल्पलाइनला, एसएमएस करा: इंग्रजी मोठ्या अक्षरांत जीव्हीआयडी, मग थोडी जागा सोडून आधारचे शेवटचे चार आकडे. नंबर लगेच येतो. नवा काढला की जुना बाद होतो.

आता अंगठा. अंगठा लावून पैसे काढायची सोय आपल्या म्हाताऱ्या माणसांना फार उपयोगी आहे, ती मी वाईट म्हणणार नाही. पण जमिनीच्या दस्तांवरून ठसे उचलून, त्यांच्या नकला करून देशात अनेक ठिकाणी खात्यांतून पैसे काढले गेले. एमआधार ॲपमध्ये किंवा माय आधार पोर्टलवर बायोमेट्रिक लॉक करता येतं. लॉक केल्यावर रेशनच्या दिवशी मशीन अंगठा घेणार नाही. आधी थोड्या वेळापुरतं लॉक उघडावं लागतं. ज्या घरात हे करून देणारं पोरगं आहे तिथे लॉक जरूर करा. आजी एकटी राहते आणि ॲप चालवता येत नाही, तिथे लॉक करून तिला रेशनच्या रांगेतून परत पाठवू नका. त्यापेक्षा महिन्याला तिच्या पासबुकात नोंद मारून आणा आणि वाचून दाखवा.

तुमच्या आधारची पडताळणी कुठेकुठे झाली त्याची मागच्या सहा महिन्यांची यादी त्याच पोर्टलवर दिसते. तुम्ही न केलेली नोंद त्या यादीत दिसली, तर १९४७ वर फोन लावा.

सिम घेताना अंगठा ‘लागला नाही, पुन्हा लावा’ म्हटलं की सावध व्हा. खरंच मशीन घेत नसेलही, पण त्याच अंगठ्यावर दुसरं सिम काढल्याची प्रकरणं झालेली आहेत. केंद्राच्या दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर मोबाइल नंबर आणि ओटीपी टाकला की तुमच्या नावावर किती सिम चालू आहेत ते दिसतं. आपल्या राज्यात एका माणसाला नऊपर्यंत घेता येतात. अनोळखी नंबर दिसला तर तिथेच ‘माझा नंबर नाही’ असं कळवायची सोय आहे.

फॉर्म भरणाऱ्याकडे जाताना

हा भाग माझ्याच धंद्याचा आहे, त्यामुळे सविस्तर सांगतो.

सुरुवातीच्या काळात माझ्याकडे अशा मावशी, आजी यायच्या ज्यांच्याकडे मोबाइलच नव्हता. फॉर्मला नंबर लागायचा. मी माझा टाकायचो. ईमेल माझा, पासवर्डही मीच ठरवायचो. चांगल्या मनानं केलं, काम होऊन जायचं. काही वर्षांनी मी तो नंबर बदलला. मग एका मावशीचा हप्ता थांबला, आणि ओटीपी मिळेना, कारण तो माझ्या बंद पडलेल्या नंबरवर जात होता. खातं मावशीचं आणि किल्ली माझ्याकडे, तीही हरवलेली. तिला तालुक्याला तीन चकरा माराव्या लागल्या, मजुरी बुडवून. मी प्रत्येक वेळी सोबत गेलो, पण चूक माझी होती. त्यानंतर अशी सगळी खाती शोधून, एकेकाच्या घरी जाऊन, मुलाचा किंवा सुनेचा नंबर लावून दिला.

म्हणून माझ्यासारख्याकडे जाताना नंबर तुमचा किंवा घरातल्या माणसाचाच टाकायला लावा. “भाऊ, तुझा नको टाकू, माह्या नातीचा टाक” असं बिनधास्त म्हणा. पासवर्ड तुम्ही स्वतः टाइप करा, येत नसेल तर नातीला सोबत आणा. ओटीपी आला की तो देण्याआधी मेसेज पूर्ण वाचून घ्या किंवा वाचून घ्यायला लावा. ओटीपी कशाचा आहे ते बहुतेक त्यात लिहिलेलं असतं. फॉर्म शिष्यवृत्तीचा आणि मेसेजात पैसे काढल्याचं लिहिलेलं, असं दिसलं तर तिथेच थांबा.

कागद व्हॉट्सॲपवर पाठवले असतील तर काम झाल्यावर दोन्हीकडून काढायला सांगा. मी माझा व्हॉट्सॲप एकदा मागे सरकवत गेलो तेव्हा तीन गावांतल्या लोकांची आधार, पासबुकं, पोरींचे फोटो त्यात पडलेले होते. माझा मोबाइल एखाद्या बाजारात चोरीला गेला असता तर? आता मी रोज संध्याकाळी दुकान बंद करताना ते काढतो. संगणकातल्या डाउनलोडच्या फोल्डरमध्येही तेच होतं, म्हणून तिथूनही काढायला लावा. बिघडलेल्या झेरॉक्स फाडून मागा. त्या कागदात कोणीतरी भजी बांधून देतो हे आपण सगळ्यांनी पाहिलंय.

योजनेचा फॉर्म भरताना वेबसाइटचा पत्ता पाहा. महाराष्ट्र सरकारच्या योजनांचा पत्ता बहुतेक ‘महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन’ असा संपतो. गूगलवर योजनेचं नाव टाकल्यावर वरती जे पहिलं येतं ते खरंच असतं असं नाही.

बायाबापड्यांसाठी एक वेगळं सांगतो. रिचार्जच्या दुकानात नंबर मोठ्यानं सांगू नका आणि वहीत लिहू देऊ नका. शक्य असेल तर भावाच्या किंवा मुलाच्या यूपीआयवरून रिचार्ज करा. पोरींच्या नंबरावर नको ते फोन कुठून सुरू होतात याचा माग काढत गेलं की तो पुष्कळदा अशा एखाद्या वहीपाशी पोचतो.

नको झालेलं खातं आणि बंद पडणारं सिम

ॲप मोबाइलातून काढलं म्हणजे खातं बंद झालं असं नाही. तुमची माहिती कंपनीकडे तशीच राहते. ज्या ॲपमध्ये खातं उघडता येतं, त्यात खातं काढून टाकायची सोयही असली पाहिजे असा प्ले स्टोअरचा नियम आहे. आधी ॲप उघडा, प्रोफाइल किंवा सेटिंगमध्ये ‘खातं हटवा’ शोधा, ते करा, मग ॲप काढा. सापडलं नाही तर वेबसाइटवर तक्रार अधिकाऱ्याचा ईमेल असतो. ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपनीनं तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निराकरण महिन्याभरात केलं पाहिजे.

सिमचं प्रकरण गावाकडे फार घडतं. दोन सिम असतात, एकाचं रिचार्ज परवडत नाही, ते सोडून देतो. बंद झालेला नंबर ९० दिवस कोणाला देत नाहीत, त्यानंतर तो दुसऱ्या ग्राहकाला मिळू शकतो. तुमचं बँक खातं अजून त्याच नंबरला जोडलेलं असेल तर ओटीपी आता त्या नव्या माणसाकडे जाणार. म्हणून सिम सोडायच्या आधी कागदावर यादी करा: बँक, आधार, गॅस, शेतकरी ओळखपत्र, किसान योजना, व्हॉट्सॲप, ईमेल. प्रत्येक ठिकाणी नवा नंबर लावा, एकेकावर फुली मारा, मगच सिम सोडा.

गडबड झालीच तर

जाहिरातीचे फोन थांबवायला तुमच्या त्याच मोबाइलवरून १९०९ ला फोन लावून नको म्हणून नोंद करा. मेळाव्यावाल्या काकाजींचं हे मी दुकानातच करून दिलं. कंपन्यांचे फोन कमी झाले, बिनाबिलाच्या बियाण्यावाल्याचे मात्र थांबले नाहीत. तसले लोक नोंद पाहत नाहीत, त्यांचे नंबर ब्लॉकच करावे लागतात. संशयाचा फोन किंवा मेसेज आला तर संचार साथीवर ‘चक्षू’ नावाच्या सोयीत कळवा. दुकानानं किंवा ॲपनं नंबरासाठी अडवलं तर ग्राहक हेल्पलाइन १९१५, तिथे मराठीतही बोलता येतं.

खात्यातून पैसे गेले तर आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा. घरी सांगू का, लोक काय म्हणतील, या विचारात वेळ घालवू नका. फोन जितका लवकर जाईल तितकी पुढच्या खात्यात पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त. फोन करताना हातात ठेवा: बँकेचा मेसेज, व्यवहाराचा क्रमांक, किती वाजता झालं, कोणत्या नंबरवरून फोन आला होता. मेसेज घाबरून डिलीट करू नका, त्याचा स्क्रीनशॉट काढा. मग बँकेत जाऊन खातं थांबवायला सांगा. ऑनलाइन तक्रार ‘सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन’ वर होते. ती करता येत नसेल तर जवळच्या पोलीस ठाण्यात जा किंवा माझ्यासारख्या कोणाकडे या. तक्रारीचा जो क्रमांक मिळेल तो त्या पेटीतल्या वहीतच लिहून ठेवा, पुढच्या प्रत्येक फोनला तोच विचारतात.